मी पास केलेला पूल

इगतपुरीकडे इतक्यात जायचं माझ्या मनात नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टीवाल्यांची गर्दी ओसरली की एखादा दिवस जाऊन यावं, इतपतच विचार होता. पण सोमवारी सकाळी प्रशांतचा फोन आला आणि गाडी काढावी लागली.

प्रशांत माझा जुना विद्यार्थी, आता पुलांच्या कामावर इंजिनीअर आहे. म्हणाला, "मॅडम, घोटीच्या पुढे ओढ्यावर नवा पूल घेतोय. शेजारच्या जुन्या पुलाला जी खाण होती तीच घेतोय. खडीचा तुमचा जुना रिपोर्ट आहेच, तोच जोडतो. शुक्रवारी पायाचं काँक्रीट आहे."

"शेजारी नवा कशाला? जुन्याला काय झालं?"

"काही नाही हो. थोड्या भेगा आहेत. जड गाड्या बंद केल्यात."

अठरा वर्षांच्या पुलावर जड गाड्या बंद! मी म्हटलं, "बुधवारी येते. तोवर माझा कागद कशालाही जोडायचा नाही."

नव्या वाचकांसाठी एवढं सांगते की मी स्थापत्य अभियंता आहे. आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पुढची सगळी नोकरी सातपूरच्या एका लहान प्रयोगशाळेत काँक्रीट तपासण्यात गेली, आणि आठवड्यातून दोन दिवस मी तंत्रनिकेतनात शिकवायचे. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेची एक किल्ली माझ्याकडे आहे.

बरोबर नणंद आली. कुमुदला 'इगतपुरी' एवढंच ऐकू आलं होतं. पाथर्डी फाटा ओलांडेपर्यंत ती भातखाचरं, होमस्टे आणि चुलीवरचं जेवण यांबद्दल बोलत होती. मग मी तिला खरं कारण सांगितलं.

"वहिनी, लोक तिकडे धबधबे बघायला जातात. तुम्ही भेगा बघायला निघालात?"

"भेगा बघून झाल्या की भातखाचरं बघू."

रस्त्याचं सांगते. महामार्ग वाडीवऱ्ह्यापर्यंत उत्तम. गोंद्याजवळ कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी, म्हणजे दुपारी साडेतीनच्या आसपास, जाऊ नका, अर्धा तास मोडतो. घोटीच्या अलीकडे टोल आहे. घोटीतून आत वळलात की शेवटचा पेट्रोलपंप तिथेच, पुढे नाही. आतला रस्ता एकपदरी आहे, आणि कडेची साइडपट्टी पावसाने खाल्लेली आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे घ्यावं. तो घेत नाही.

दोन्ही बाजूंना भात सोंगून झालेलं होतं. काही खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे.

पुढचं समजायला थोडी शाळा घ्यावी लागेल. काँक्रीटला एक आजार होतो. सिमेंटमध्ये थोडी अल्कली असते. काही दगडांत कच्च्या जातीची सिलिका असते, दिसायला दुधी आणि मेणचट. ओलाव्यात या दोघींची गाठ पडली की दगडाभोवती चिकट गर तयार होतो. तो पाणी पितो आणि फुगतो. आतून रेटा बसून काँक्रीट फाटतं. पाच-दहा वर्षं वरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बरं करायचा उपाय उरलेला नसतो. आमच्या भाषेत ही अल्कली-सिलिका अभिक्रिया. साइटवरची माणसं सरळ म्हणतात, पूल फुगला.

म्हणून खडी आधी तपासायची असते. ती दळून सिमेंटबरोबर बोटभर जाडीच्या, वीतभराहून थोड्या लांब कांड्या ओतायच्या. ऐंशी अंश तापलेल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चौदा दिवस ठेवायच्या, आणि लांबी किती वाढली ते मोजायचं. ही वाढ केसाच्या जाडीच्या हिशोबातली असते, डोळ्याला दिसत नाही. जे पुलावर पंधरा-वीस वर्षांत घडेल त्याची चाहूल चौदा दिवसांत घ्यायची, असा हा प्रकार. या खाणीच्या खडीच्या कांड्या तेव्हा जवळजवळ वाढल्याच नव्हत्या. इतका चांगला निकाल माझ्या टेबलावर क्वचित आला होता.

प्रशांत पुलाच्या तोंडाशी उभा होता. त्याने नमस्कार केला, पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

पंचवीस वर्षं मी मुलांना पडद्यावर एक फोटो दाखवत आले. परदेशातल्या कुठल्याशा धरणाची भिंत आणि तिच्यावर नकाशासारखं भेगांचं जाळं. परीक्षेत हमखास विचारायचे. तो फोटो कुणीतरी मोठा करून या पुलाच्या खांबावर चिकटवलाय, असं मला वाटलं. भेगेतून भेग फुटलेली, कडांना ओल, आणि भेगांतून पांढरट, वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी ओघळलेलं. कठड्याच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवायची असते. ती फट नव्हतीच. दोन्ही तुकडे फुगून एकमेकांना भिडले होते आणि टोकांचं काँक्रीट चुरा होऊन पडलं होतं.

मी हात लावला. हात काढायचं मला सुचेना.

"वहिनी, बसा जरा," कुमुद म्हणाली. तिने मला असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"प्रशांत, याला तू 'थोड्या भेगा' म्हणालास?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला थोड्याच होत्या."

मी पर्समधून चाकू काढून तो पांढरा थर खरवडत होते, तेवढ्यात पलीकडून एक बाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन आल्या. साठीच्या असतील. भारा कठड्याला टेकवून त्या बघत राहिल्या.

"काय खरवडता, बाई? सोनं हाय का?"

"आजार आहे पुलाला. कुठून आला ते बघतेय."

"आजार!" त्या प्रशांतकडे वळल्या. "सायेब, ह्यांना गाडीचं इचारा की. यस्टी बंद झाल्याला लय दिवस झाले. माझी नात साळंसाठी फाट्यापतूर चालत जाती. नवा पूल पावसाच्या आत व्हनार ना?"

"होणार, हिराबाई. शुक्रवारी सुरू," प्रशांत म्हणाला आणि माझ्याकडे न बघता घड्याळ बघू लागला.

मला खाण बघायची होती. हिराबाईंनी क्रशरवर बारा वर्षं काम केलेलं, त्याच पुढे झाल्या. वाट चढाची आहे. साध्या चपला घालून जाऊ नका, कुमुदची एक तिथेच तुटली.

खाणीचा कडा पाहिला आणि दुसरा धक्का बसला. काळ्या दगडात जागोजाग पांढऱ्या गाठी होत्या, काही बोराएवढ्या, काही सुपारीएवढ्या. निम्म्या चकचकीत स्फटिकाच्या, पण बाकीच्या दुधी, मेणचट. ज्याला आम्ही घाबरतो तो दगड, उघड्यावर, कुणालाही दिसेल असा.

"ह्या गारा," हिराबाई म्हणाल्या. "चमकत्या असत्यात त्या रस्त्यावरचा दुकानदार इकत घेतो. बाकीच्या कुनी घेत नाय."

"मग बाकीच्या खडीत जातात?"

"जानारच. मशीनला काय कळतंय?"

"पण माझ्याकडे आलेल्या पोत्यात एकही नव्हती," मी जवळजवळ ओरडलेच. "एकही नाही. मी स्वतः बघितलंय ते पोतं."

हिराबाई माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. मग त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"तुमीच का त्या बाई? नाशकाच्या? नमुना तपासनाऱ्या? अवो, ते पोतं मीच भरलं व्हतं!"

"तुम्ही?"

"मंग! मुकादम म्हनला, हिरे, नाशकाला नमुना द्यायचाय. म्हनलं, कोन बघनार? म्हनला, एक बाई हाय. आता बाप्या असता तर दिली असती तशीच भरून. बाईमानूस म्हनल्यावर ती खडा न् खडा बघनार. दोन दिस बसले. गारा काढल्या, कुजका दगड काढला, वढ्यावर नेऊन दोनदा धुतली. तांदूळ निवडावं तशी निवडली." त्यांनी कुमुदच्या हाताला हात लावला. "मुकादमानं मंग सांगितलं, बाईनं लिहून दिलंय, नमुना लय चांगला हाय म्हनून. समद्यांम्होरं सांगितलं."

प्रशांतच्या हातातल्या फायलीत त्या रिपोर्टची प्रत होती. मी ती मागून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच हातचं होतं: 'नमुना स्वच्छ व उत्तम.'

मला नमुना म्हणजे ढिगातली कुठलीही मूठभर, जशी असेल तशी. हिराबाईंना नमुना म्हणजे घरातला सर्वांत चांगला, पाहुण्यांसमोर ठेवायचा. शब्द एकच. आणि त्याच्या जोरावर मी एक पूल पास केला.

प्रशांत मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, म्हणजे चूक तुमची नाहीच. नमुनाच चुकीचा आला."

"पोतं उघडलं तेव्हा खडी धुतलेली होती, हे मला दिसलं होतं, प्रशांत. खाणीतून धुतलेली खडी येत नाही. मी खूश झाले. संशय यायला हवा होता."

"आता झालं ते झालं. पण शुक्रवार चुकला तर कंत्राटदार मशिनं दुसरीकडे हलवेल. मग काम पुढच्या हंगामावर. खाण तीच, सही तुमचीच. हा कागद जोडला तर कुणी विचारणार नाही. पंधरा-वीस वर्षं तर जातील."

"तू मागच्या बाकावर बसायचास. पण पंधरा वर्षांचा पूल मी मागच्या बाकालाही शिकवलेला नाही."

मी पेन काढलं आणि त्या प्रतीवर आडवं लिहिलं: 'हा अहवाल या खाणीच्या खडीसाठी वापरू नये. तपासलेली खडी निवडलेली होती.' खाली सही केली, तारीख घातली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

हिराबाईंना लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण प्रशांतचं तोंड वाचता आलं. "काय झालं? काम थांबलं का?" आणि मी काही बोलायच्या आत, "तुमच्यापायी?"

"थोडे दिवस. खडी परत तपासायची आहे."

"चांगली दिली तवा पास केली. आता वाईट द्या म्हनता. कसली म्हनायची ही तुमची साळा?"

मी म्हटलं, "चला, पोतं भरू. या वेळी मीही बसते."

क्रशरच्या ढिगाशी आम्ही दोघी बसलो. वरून, मधून, तळातून घमेली काढून एक लहान ढीग केला, त्याचे भाकरीसारखे चार वाटे केले, समोरासमोरचे दोन घेतले, बाकीचे टाकले. नमुना घ्यायची हीच रीत. हिराबाईंचा हात मात्र ऐकेना. बोलता बोलता दोन बोटं आपोआप पांढऱ्या गाठीकडे जायची आणि ती उचलून मागे फेकायची. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे ती."

"अवो, डोळ्यापुढं घान कशी ठिवू?" त्या हसल्या, पण मनापासून नाही. "बाई, खरं सांगा. माझ्यामुळं झालं का हे पुलाचं?"

"नाही. मी इथे आले नव्हते, त्यामुळे झालं."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकदाही खाणीवर नमुना घ्यायला गेले नव्हते. पोतं टेबलावर यायचं, त्यावर चिठ्ठी असायची, आणि मी कामाला लागायचे. नियमात लिहिलेलं असतं की नमुना जाणत्या माणसाने घ्यावा. ते मी शिकवलंही आहे.

प्रशांतला मी दोन गोष्टी सांगितल्या. पायाच्या आधी दोन्ही बाजूंचा भराव करा, म्हणजे मशिनं रिकामी बसणार नाहीत. आणि औष्णिक वीज केंद्रातली राख मागवा. सिमेंटमध्ये ठरावीक प्रमाणात ती राख घातली की हा आजार बहुतेक वेळा आटोक्यात येतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून राख घातलेल्या कांड्याही तपासायच्या. तो मान हलवत होता. कंत्राटदाराला काय सांगायचं याचीच जुळवाजुळव मनात चालली असावी.

संध्याकाळी इगतपुरीजवळ एका होमस्टेवर राहिलो. खोली साधी, स्वच्छ, दोघींना मिळून अठराशे. जेवणाला नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ठेचा. अशी भाकरी नाशकात मिळत नाही, खरंच खाऊन या. मी मात्र माझं ताट कुमुदकडे सरकवलं. कुमुदने दोन्ही ताटं संपवली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही तो जुना कागद जोडू दिला असता, तर मी तुमच्या गाडीत परत बसले नसते." ती एवढं सरळ बोलत नाही.

परतीच्या वाटेवर घोटीत तांदूळ घ्यायला थांबलो. इंद्रायणी घ्यायचा तर इथेच घ्या, पण नवा लगेच शिजवू नका, गच्च होतो. दुकानात एक शेतकरी रुमालाच्या गाठीत बांधून तांदळाचा नमुना घेऊन आला होता. दुकानदाराने तळहातावर घेतला, फुंकला, बघितला.

"मामा, हा नमुना वावरातला का देवघरातला?"

"वावरातलाच, शेठ!"

"मग मामीनं रात्रभर निवडलेला दिसतोय." असं म्हणत त्याने मामांच्या पोत्यात तळापर्यंत लोखंडी बांबी खुपसली आणि तिच्या पोकळीतून खालचा तांदूळ बाहेर काढला.

दुकानातले सगळे हसले, मामाही. मी पिशवी धरून उभी होते. घोटीच्या दुकानदाराला जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे पदवी होती, केसाएवढी वाढ मोजणारं यंत्र होतं. बांबी नव्हती.

नाशकात पोचल्यावर गाडी घरी न नेता सातपूरला नेली. दुसऱ्या दिवशी कांड्या ओतल्या, काही साध्या, काही राखेच्या. सोड्याच्या पाण्यात गेल्यावर तिसऱ्या दिवशी पहिलं वाचन घेतलं. साध्या कांड्यांचा काटा इतका पुढे गेला की मी यंत्र शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तेवढाच. चौदाव्या दिवशी त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होत्या आणि अंगावर बारीक भेगा उमटल्या होत्या, पुलावर होत्या तशाच, फक्त कांडीच्या मापाच्या. राखेच्या कांड्या मर्यादेच्या आत राहिल्या. वर्षभर चालणारी मोठी चाचणीही लावून ठेवली आहे. अठरा वर्षांपूर्वी निकाल इतका सुरेख होता म्हणून मी ती गरजेची नाही असं लिहिलं होतं.

कंत्राटदार भरावाला तयार झाला. पायाचं काँक्रीट तीन आठवडे उशिरा पडलं, राख घालून. नवा पूल झाल्यावर जुना पाडणार आहेत. काँक्रीटच्या दिवशी प्रशांतने मला फोन लावून हिराबाईंच्या हातात दिला.

"बाई, आमची खडी नापास झाली म्हनं."

"हो. पण राख घालून चालली."

"गाडी?"

"पावसाच्या आत पूल होईल, असं प्रशांत म्हणतो. मी त्याच्या मागे आहे."

त्या म्हणाल्या, "तवाच सांगायचं ना, जशी हाय तशी पाठवा म्हनून. मला काय दोन दिस वढ्याच्या पान्यात हात घालून बसायची हौस व्हती?"

ज्यांना त्या भागात जायचं आहे त्यांनी जरूर जावं. रस्ता बरा आहे, माणसं चांगली आहेत, नोव्हेंबरात हवा छान असते. जुन्या पुलावर थांबून फोटो काढू नका.

माझं म्हणाल तर परवा मी प्रयोगशाळेतून जुनी रजिस्टरं घरी आणली. कुठल्या खाणीची खडी, कुठल्या कामाला, निकाल, शेरा. तिसऱ्याच पानावर सापडलं: 'नमुना स्वच्छ.' दोन पानं सोडून पुन्हा. मग पुन्हा. मी ते शाबासकी म्हणून लिहायचे. एक पाण्याची टाकी, एक शाळेची इमारत, एक बंधारा. मी कागद घेऊन यादी करायला बसले. चहा गार झाला तरी यादी संपेना.

"काय वाचताय एवढं?" कुमुदने विचारलं.

"माझंच अक्षर," म्हटलं, आणि यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला.